पाळण्यातली गाढ झोप

मित्रांनो, हसनाबादला कारभारी नावाच्या शेतकऱ्याच्या घरी अडगळीत पडलेला मी एक जुना, बाभळीचा पाळणा आहे. निजामाचे राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर काही वर्षांनी पुंजाराम सुताराने मला घडवले. कारभारीची बायको दुर्गाबाई हिचे पहिले लेकरू, भुजंग, माझ्यात निजले. भुजंग मोठा रडका. त्याच्या लाथांनी माझ्या दोऱ्या दिवसभर कुरकुरत.

कापसाची वेचणी लागली. दुर्गाबाई रानात जाऊ लागली. दळण, स्वयंपाक, गुरे आणि शिवाय लेकरू, असे सगळे तिच्या सासूवर, साळूबाईवर पडले. तेव्हापासून भुजंग गुपचूप निजू लागला. शेजारणी म्हणत, "पाळणा लई गुणाचा!"

मी फुगून गेलो. पण लवकरच मला शंका येऊ लागली. माशी ओठावर बसली तरी भुजंग हलत नसे. भूक लागली तरी रडत नसे. साळूबाई आधी दाराकडे बघे, मग पदराची गाठ सोडून त्याच्या जिभेवर बोट फिरवी. काय असेल त्या गाठीत?

संशय दुर्गाबाईलाही आला. एके दिवशी ती भर दुपारीच परतली. तिने भुजंगला उचलले, तर त्याची मान लुळी पडली. ओठ निळसर झालेले.

"आत्याबाई, काय चाटवलं याला?"

"अफूचा कण. निजावं म्हणून. माह्या समद्या लेकरायला दिल्ती मी. काई झालं न्हाई."

"मंग तुमची, ह्यांच्या पाठची दोघं कशानं गेली?"

साळूबाईचा हात पदराच्या गाठीवर गेला. ती पुटपुटली, "झोपीतच गेल्ती गं."

कारभारीने बैलगाडी जुंपली. भोकरदनच्या दवाखान्यापर्यंत दुर्गाबाई भुजंगच्या तळव्यांना टिचक्या मारत, त्याला हाका घालत राहिली. भुजंग वाचला.

साळूबाईने उरलेली अफू चुलीत टाकली. पुढे दर वेचणीला ती घरोघर जाऊन निजलेली लेकरे हलवून बघे. बायका चिडत. ती म्हणे, "रडू द्या. रडतंय म्हंजी जितं हाये."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कोणी चिमूटभर काही हातावर ठेवील, कोणी घोटभर पाजू बघेल. "आम्ही घेतलं, काही झालं नाही," असे म्हणेल. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ज्यांना झाले, ते सांगायला मागे उरत नाहीत.