पाडव्याचा पेला

पेल्याच्या काठाखाली तिच्या बापाचं नाव कोरलेलं होतं — ज्ञानू मगदूम, कागल — आणि त्या ‘कागल’वरच एक खळगा पडलेला होता, चिंच कितीही चोळली तरी खळग्यातला काळेपणा हटत नव्हता. धोंडुबाईनं पेला नाकाशी नेला. वास आला. खरं तर यायला नको होता. वर्षभर पेला फळीवर पालथा पडून होता, त्यातून कुणी पाणीसुद्धा प्यालं नव्हतं... पण आला. कुजक्या गुळाचा, नवसागराचा, आणि त्यातच भिजलेल्या मिशांचा. तिनं पुन्हा राख घेतली.

आज पाडवा. मागल्या पाडव्याला तिच्या नवऱ्यानं, पिराजीनं, दारू सोडली होती आणि आज तालमीतली मंडळी त्याचा सत्कार करणार होती. सरकारची दारूबंदी येऊन चार वर्षं झाली होती. भट्ट्या ओढ्यापलीकडं सरकल्या, एवढंच. म्हणून सयाजी वस्तादानं स्वतःची रीत काढली होती. ज्या भांड्यातून दारू प्यायली ते भांडं घरच्या बाईनं घासून आणायचं, दुधाच्या कट्ट्यावर म्हशीची धार त्यात काढायची, आणि नवऱ्यानं ती पिण्याआधी बायकोनं चारचौघांत त्याच्या तोंडाचा वास घेऊन सांगायचं, की वर्षात ह्यानं थेंब शिवलेला नाही. “पेला तेवढा लख्ख घासून आणा, वैनी,” वस्ताद काल दारात येऊन सांगून गेला. जशी काही दारू पेल्यानंच प्यायली होती! खळगा कशानं पडला हे त्यानं विचारलं नाही; तिच्या भुवईवरचा व्रण उभ्या गल्लीला पाठ होता.

वर्षभर तिनं दुसरं केलं तरी काय होतं? गूळबाजारातली हमाली आटोपून तो यायचा, उंबऱ्याबाहेरच थांबायचा, आणि ती म्हणायची, “हा करा.” विडी, कांदा, किडकी दाढ... रोज तिन्हीसांजेला त्या उघड्या तोंडापाशी नाक न्यायचं — शी! पूर्वी निदान पदर लावून लांब बसता यायचं. दारू सुटली आणि उलट रोज जवळ जाणं आलं. बाया म्हणायच्या, सुटलीस गं बाई. कशातून सुटले मी? ते मात्र कुणी सांगत नसे.

आणि दसरा... दसऱ्याला तो सोनं वाटून आला, आपट्याची पानं मुठीत, आणि तिनं न सांगताच त्यानं तोंड उघडलं. भपकारा आला. “एकडावच, अगं,” तो म्हणाला, “वस्तादास्नी सांगू नगंस. पुन्यांदा न्हाय व्हायचं.” आणि भिंतीला धरून हमसून हमसून रडला. ती कुणाला बोलली नाही. आपण दया केली, असं तिनं स्वतःला सांगितलं. पण खरं — खरं हे, की त्या भपकाऱ्यानं तिला आत कुठंतरी गार वाटलं होतं. बघा, मी म्हटलं नव्हतं? कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच! तेव्हापासून ती रोज नाक पुढं करायची ती तोच वास सापडावा म्हणून, आणि सापडला नाही की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. कसली बाई मी, तिच्या मनात आलं. तिनं राखेचे हात धुतले, पेला पदराखाली घेतला आणि ती निघाली.

कट्ट्यावर शेण, फेस आणि हलगी. पिराजीला गुलाबी फेटा बांधला होता. गळ्यातली साखरेची माळ घामानं चिकट झाली होती आणि तिच्यावर माश्या बसत होत्या. बाळासो सगळ्यात पुढं उभा राहून टाळ्या पिटत होता — मागल्या साली ह्याचाच सत्कार झाला आणि आठव्या दिवशी हा गटारात सापडला. गवळ्यानं धार काढली, फेस काठावरून बापाच्या नावावर ओघळला आणि कोमट पेला तिच्या हातात आला.

“घ्या वास, वैनी!” वस्ताद ओरडला. “आन सांगा मंडळींस्नी, वर्सात कवा आलता का?”

तो धिप्पाड माणूस सवयीनं वाकला, त्यानं तोंड उघडलं आणि डोळे मिटून घेतले. रोज तो डोळे मिटत नसे. दसऱ्याचं सांगायचा अवकाश... हा इथून सरळ ओढ्यापलीकडं जाईल, आणि मग पेला, भिंत, भुवई. आणि आला नाही म्हणावं, तर बापाचं नाव हातात धरून खोटं बोलायचं.

तिनं नाक नेलं. कडुलिंब, गूळ, विडी, किडकी दाढ. नेहमीची शिसारी आली.

“आज न्हाय,” ती म्हणाली.

“आं? मोठ्यानं बोला की!”

“आज वास न्हाय. उद्याचं उद्या बघीन.”

लोक खदखदून हसले, हलगी कडाडली. पिराजी हसला नाही. त्यानं डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं, पेला घेतला — त्याचा अंगठा नेमका खळग्यात बसला — आणि एका दमात दूध संपवलं. फेस मिशांना लागला, हनुवटीवरून गळला. तिला बघवेना. तिनं मान फिरवली. उद्या तिन्हीसांजेला तो उंबऱ्याबाहेर येऊन उभा राहील, आपण म्हणू, हा करा... आणि वास आला तर? सहा महिने ती त्या वासाची वाट बघत होती. आज, ह्या शेणात आणि हलगीत उभं असताना, तिला पहिल्यांदाच त्याची भीती वाटली.