खैरुन्निसाची वाळूतली सायकल

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो. माझे टायर तळहाताएवढे रुंद आहेत, कारण मला वाळूत चालायचं असतं. इथे दुबईजवळच्या रास अल खैमात उन्हाळ्यात सायकल घेऊन कुणी बाहेर पडत नाही, म्हणून मला काम थंडीच्या चारच महिन्यांचं. तरीही मी फार थकले आहे.

मला हारुनभाईंनी आणलं. ते मूळचे रत्नागिरीचे, इथल्या टाइल्सच्या कारखान्यात सुपरवायझर. "यंदा थंडीत रोज चालवणार. शुगर खाली आणतो की नाही बघ," असं त्यांनी बायकोला, खैरुन्निसाला, बजावलं. तीन दिवस चालवली, चौथ्या दिवशी कंबर धरली. मग मी बाल्कनीत कपड्यांच्या स्टँडशेजारी उभी राहिले.

डिसेंबरातल्या एका सकाळी खैरुन्निसाच मला लिफ्टकडे घेऊन निघाली. लहानपणी गावी तिने भावाची सायकल चोरून चालवली होती. त्यानंतर एकदम आता, पन्नाशीत. तिची मुलगी दुआ कॉलेजला निघाली होती, ती दारातच थबकली.

"अम्मी, प्लीज! एव्हरीवन विल स्टेअर!"

"बघू देत. माझं तोंड काय वाईट आहे?"

पहिल्या दिवशी ती दोनदा पडली. वाळू मऊ, लागलं नाही. तिसऱ्या आठवड्यात आम्ही पाण्याच्या कडेने थेट मच्छीमारांच्या होड्यांपर्यंत गेलो. तिथे ती उतरली, ओढणीने घाम पुसला आणि एकटीच मोठ्याने हसली. इतकं वजन वाहूनही मला त्या दिवशी हलकं वाटलं.

मार्च सरला. मला न धुताच बाल्कनीत ठेवलं. अंगावर खारं पाणी, वाळू आणि वर सहा-सात महिन्यांचं ऊन. टायर तडकले. ब्रेकच्या तारेत गंज शिरला. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. ओले टॉवेल टाकायला मात्र माझं हँडल सगळ्यांना सोयीचं होतं.

नोव्हेंबरात हवा बदलली तशी खैरुन्निसा आली, टायरांत हवा भरली आणि निघाली. समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिने ब्रेक दाबला. तार तुटली. मला थांबता आलं नाही. गाडी चुकवायला तिने मला कडेच्या दगडांवर घातलं, आणि तिचं मनगट मोडलं.

"खलास! उद्याच ही भंगारात," हारुनभाई ओरडले.

मला ते पटलं, मित्रांनो. इतकं दमल्यावर भंगारही विसावाच वाटतो.

पण प्लास्टरमधला हात सांभाळत खैरुन्निसा म्हणाली, "तिचा काय दोष? एकदा तरी धुतली का आपण? मी नाही, तुम्हीही नाही."

सुट्टीच्या दिवशी हारुनभाई बादली घेऊन माझ्यापुढे बसले. दुआ जुन्या टूथब्रशने साखळी घासत होती. काळं पाणी बघून ती हळूच म्हणाली, "सॉरी, अम्मी." नंतर दुकानातून नवी तार, नवे टायर बसवून आणले.

प्लास्टर निघाल्यावर खैरुन्निसा मला पुन्हा वाळूत घेऊन जाऊ लागली. त्या उतारावर मात्र ती खाली उतरते आणि मला हाताने ढकलत नेते. माझ्यावरचा तिचा भरवसा अजून पुरता परतलेला नाही, आणि ते मला समजतं.

मित्रांनो, आम्हाला कौतुक नको. वाळूतून आल्यावर मगभर गोडं पाणी आणि साखळीला थेंबभर तेल, एवढं पुरतं. आम्हाला दुखतंय हे सांगता येत नाही. आम्ही मोडतो तेव्हाच तुम्हाला कळतं, आणि त्या वेळी आमच्यावर कुणीतरी बसलेलं असतं.