सोळा करड्यांतले चार

मित्रांनो, मी रुग्णालयातल्या सात नंबरच्या खाटेला लावलेली एक जुनी ई-इंक पाटी आहे. माझ्या काचेखाली लाखो बारीक कुप्या आहेत आणि त्यांत काळे-पांढरे कण तरंगतात. विजेचा हलका धक्का बसला की कण वरखाली होतात नि अक्षर उमटते. मग वीज गेली तरी ते जागचे हलत नाही! याचे मला स्वतःलाच अजून नवल वाटते.

काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत मला सोळा छटा दाखवता येतात. रंग मात्र एकही नाही.

मला बसवणाऱ्या तंत्रज्ञ मुलीने हे ध्यानात घेतले नाही. एखादे औषध सोसत नसेल त्या रोग्याला लाल पट्टी, बाकीच्यांना हिरवी, असा तक्ता तिने संगणकावर केला. तिथे तो झकास दिसत होता. माझ्यावर येताच लाल आणि हिरवा दोन्ही एकाच करड्या रंगाचे झाले.

त्या खाटेवर एक शिंपी आजोबा होते. एका औषधाने त्यांचा श्वास कोंडत असे. सिस्टर नेमके तेच इंजेक्शन घेऊन आल्या. माझ्याकडे ओझरते पाहून त्यांनी आजोबांची बाही वर सारली.

"सिस्टर, थांबा! कुठलं औषध आहे हे?" उशाशी बसलेल्या त्यांच्या बायको, आजी, ओरडल्या. "मागच्या वेळी मरता मरता वाचलेत हे!"

सिस्टरांनी सुई झटकन मागे घेतली. "पट्टी तर सगळ्यांसारखीच दिसतेय हो..."

मला तोंड लपवायला जागा नव्हती.

तंत्रज्ञ मुलगी धावत आली. तिचे डोळे भरले होते. "आजोबा, चुकलंच माझं."

"रडू नकोस गं. चाळीस वर्षं कापडाला दोरा जुळवलाय मी. दाखव बघू तुझे करडे."

तिने सोळाही छटा माझ्यावर ओळीने मांडल्या. आजोबांनी मला खाटेवरून काढून आधी खिडकीशी धरायला लावले, मग दिव्याखाली. डोळे किलकिले करून ते हसले. "या सख्ख्या बहिणी. दुरून कोण ओळखणार? एकमेकींपासून लांबच्या चारच घे."

धोक्याला गडद काळा आणि त्यावर जाड पांढरी अक्षरे. पथ्याला मधला करडा. तपासणी राहिली असेल तर फिका. बाकी सगळ्यांना कोरा पांढरा. मुलगी दारापर्यंत गेली आणि वळून पाहतच राहिली. तिथूनही सगळे लख्ख दिसत होते. "अगं बाई!" सिस्टर पुटपुटल्या. आजोबा म्हणाले, "बघ, रंगावाचून काही अडलं का?"

आजोबा बरे होऊन घरी गेले. पुढे एक नवी सिस्टर पहिल्याच दिवशी घाईघाईने आत शिरली. माझी काळी पट्टी दिसताच दारातच थबकली, हातातला ट्रे खाली ठेवून डॉक्टरांना विचारायला गेली. खाटेवरच्या बाईला यातले काहीच कळले नाही. ती शांतपणे आपल्या लेकीशी बोलत होती. तेवढे पाहून माझा जन्म सार्थकी लागला.

मित्रांनो, आता माझी काच ओरखड्यांनी भरली आहे. मला पुसायचे तर मऊ फडके घ्या. आणि कुणासाठी काही लिहिलेत, रंगवलेत, तर एकदा उठून वाचणाऱ्याच्या जागी जाऊन उभे राहा.