पुढची सायकल

हाजराबीची सायकल डांबरावरून खाली खडीत उतरली, डुगडुगली आणि कशीबशी वर आली. मागून येणाऱ्या भामाबाईंनी दोन्ही ब्रेक करकचून दाबले. तेवढ्यात एक टिप्पर हॉर्न बडवत दोघींना खेटून निघून गेला आणि धुळीत समोरचं काही दिसेना.

"हाजरा! हायस का?"

"हाय की! मला काय धाड भरलीय?" धुळीतून आवाज आला.

भामाबाईंचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही.

उन्हाळ्यातल्या ऐतवारी पहाटे अहमदपुरातून निघायचं, तळ्याच्या बांधावरल्या आंब्याखाली दुपार काढायची आणि उन्हं कलली की रमतगमत परत फिरायचं, हा दोघींचा जुना शिरस्ता. भामाबाई सरकारी नर्स, उभी नोकरी लसीचा डबा घेऊन सायकलीवर गावोगाव हिंडलेल्या. हाजराबीचं बाजारात बांगड्यांचं दुकान. तिला सायकल शिकवली भामाबाईंनीच, शाळेच्या मैदानावर, आणि पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. जिचा दम कमी, तिनं पुढं चालायचं. मागचीनं तिच्या चालीनं यायचं, म्हणजे कुणी मागं सुटत नाही. तेव्हापासून हाजराबी पुढं आणि भामाबाई मागं. यात कधी बदल झाला नाही.

पण गेल्या महिन्यात हाजराबी याच रस्त्यावर पडली. मनगट सुजलं, हनुवटीला टाके पडले. आणि काल संध्याकाळी तिचा मुलगा मुनीब दुकान सोडून भामाबाईंच्या दारात येऊन उभा राहिला.

"मावशी, अम्मी माझं ऐकत न्हाई, तुमचं ऐकते. उद्या गोडीनं सांगा, आता बस कर म्हणावं. न्हाईतर मी सायकल भंगारात घालतो. मग घेऊ द्या तिला घर डोक्यावर."

भामाबाई हो म्हणून बसल्या होत्या. नाही तरी कोणत्या तोंडानं म्हणणार? पोरगं काही वावगं बोलत नव्हतं. पण सकाळपासून त्या मनात शब्द जुळवत होत्या. सांगावं तर हाजरा मोडून पडणार. न सांगावं आणि ती पुन्हा पडून टिप्परखाली आली तर? शिवाय हे ऐतवार गेले तर त्यांच्या स्वतःच्या आठवड्यात उरणार काय? मुलगा पुण्याला, नवरा भिंतीवरल्या फोटोत.

तळ्याच्या अलीकडच्या चढाला भामाबाई खाली उतरल्या. "चेन करकरतेय गं," असं मोठ्यानं म्हणाल्या आणि चेनीला हातही न लावता पदरानं तोंड पुसत उभ्या राहिल्या. हल्ली त्यांची चेन फारच करकरायची. पुढं हाजराबी एक पाय टेकवून थांबली होती. ती मान वळवून मागं बघत होती.

आंब्याखाली डबे उघडले. हाजराबीची खिचडी आणि चिंचेचा खट्टा, भामाबाईंची भाकरी आणि ठेचा.

"खा की. तोंडात मिठाची गुळणी धरल्यावानी काय बसलीस?"

"ऊन लई हाय."

"ऊन दरसाल असतंय."

"हाजरा, तुझं मनगट..."

"बरं हाय." हाजराबीनं मनगट गोल फिरवून दाखवलं. "अजून काय बोलायचंय?"

भामाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. हाजराबीनं खट्ट्याची वाटी त्यांच्यापुढं सरकवली.

परतीला रस्त्यावर वर्दळ वाढली. हाजराबी चार पायडल मारायची आणि मान वळवून मागं बघायची. मान वळली की पुढचं चाक कडेला जायचं. समोरून जीप आली तेव्हाही तिनं मागं पाहिलं, चाक डांबरावरून घसरलं आणि जीपवाला शिवी हासडून गेला. भामाबाईंचं डोकंच फिरलं.

"थांब! उतर खाली! समोर बघता येत न्हाई तुला?"

बाभळीखाली दोघी उतरल्या. गोडीबिडी सगळी राहिली बाजूला.

"मुनीब म्हणतो सायकल बंद कर. मीबी तेच म्हणते. उद्या तुझं काही झालं तर त्या पोराला काय तोंड दाखवू मी?" एवढं बोलेपर्यंत भामाबाईंना धाप लागली. त्या मैलाच्या दगडावर टेकल्या.

हाजराबीनं पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांचा श्वास खाली बसेपर्यंत थांबली.

"गेल्या टायमाला मी कशी पडले, ठाऊक हाय का?"

"खड्डा आला म्हणलीस."

"कुठला खड्डा! मागं बघत होते. तू दिसेनास."

भामाबाईंनी बाटली खाली ठेवली.

"मुनीबला का सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर त्यानं तुझ्या पोराला पुण्याला फोन लावला असता. मग तुझीबी सायकल भंगारात."

"माझी चेन करकरते," भामाबाई म्हणाल्या.

"हाव. गेल्या उन्हाळ्यापासून करकरून राहिलीय." हाजराबीनं आपली सायकल कडेला ओढून घेतली. "साऱ्या तालुक्याचं बीपी मोजलंस, स्वतःचं कधी मोजलंस का? उद्या माझ्यासंगं दवाखान्यात यायचं. आता चल, पुढं हो."

भामाबाईंना राग आला. रडूही आलं. मी शिकवलं हिला, आणि ही मला पुढं हो म्हणते! एक चांगलं तिखट उत्तर त्यांनी ओठाशी आणलं. मग पदर खोचला, सायकल हाजराबीच्या शेजारून पुढं काढली आणि पायडलवर पाय ठेवला.

पुढं कुणाचीच पाठ नव्हती, नुसता रस्ता. मागं हाजराबीच्या मडगार्डचा खडखडाट एका चालीनं येत होता. टिप्पर गेले, जीपा गेल्या, तो आवाज एकदाही कडेला गेला नाही.

दुकानाच्या पायरीवर मुनीब वाट बघत उभा होता. भामाबाई घामाघूम होऊन उतरल्या.

"सांगितलं का, मावशी?" त्यानं हळूच विचारलं.

"सांगितलं."

"मग बंद ना सायकल?"

हाजराबी मागं सायकलीला कुलूप लावत होती. ती वर बघेना. नुसतं हो म्हणून वेळ मारून नेता आली असती, पण भामाबाईंनी ती नेली नाही.

"न्हाई. आता मी पुढं असते."

मुनीबही भामाबाईंकडूनच सायकल शिकला होता, दम कमी त्यानं पुढं, याच नियमानं. त्यानं एकदा त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, आत गेला आणि स्टूल आणून त्यांच्यापुढं ठेवलं.