फोनला न दिसणारी बाजू

शुक्रवारी दुपारचे चार वाजत आले की रम्लत तोंड धुऊन काजळ घालायची, धुवट तट्टम, म्हणजे डोक्याची ओढणी, घ्यायची आणि पुढच्या खोलीतल्या एका ठरलेल्या कोपऱ्यात बसायची. केरळातल्या तिरूरमधल्या ज्या घरातला पुरुष आखातात आहे, त्या प्रत्येक घरात असा एक कोपरा असतोच. भिंत नव्याने रंगवलेली, पडदा बरा, शेजारी प्लास्टिकची फुलं. फोन समोर टेकवायचा आणि हसायचं. तिकडून नवरा विचारणार, सुखं ना, म्हणजे सगळं बरं ना? इकडून उत्तर, सुखं. तो तिथे बसून करणार काय, उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला, असं म्हणत बायका वर्षानुवर्षं गोड बोलतात. पुरुषही काही कमी नाहीत. त्यांचा इस्त्रीचा एक सदरा खुंटीला असतो, तो फोनपुरता अंगावर चढतो. खाली लुंगीच असते.

रम्लतचा नवरा मुजीब, तिच्या तोंडी इक्का, शारजातल्या एका कॅफेटेरियात परोटे करायचा. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण दोघं एका छपराखाली राहिली ते दिवस जोडले तर दीड वर्षही भरलं नसतं. त्यांचा रिशान आठ वर्षांचा. तो ऑटिस्टिक होता. बोलत नव्हता, रात्री झोपत नव्हता आणि मनाविरुद्ध काही झालं की कडकडून चावायचा. मुजीबला हे सगळं माहीत होतं, पण फोनवर कळेल तेवढंच.

रिशानच्या शाळेने पालकांसाठी ऑनलाइन समुपदेशन सुरू केलं होतं. आई आणि बाप दोघंही हवेत, अशी अट. कोळिकोडच्या लीनामॅडम पडद्याच्या एका चौकटीत, मुजीब दुसऱ्या चौकटीत, रम्लत तिसऱ्या. पहिले दोन शुक्रवार रम्लत सवयीने त्याच कोपऱ्यात बसली. झोप होते का, या प्रश्नावर होते म्हणाली. चिडचिड होते का, यावर नाही म्हणाली. मुजीब प्रत्येक प्रश्नाला अल्हम्दुलिल्ला म्हणून मोकळा झाला. मधेच सासूने, म्हणजे उम्माने, केळ्याच्या भज्यांची बशी आणून कॅमेऱ्यासमोर धरली. मॅडमनी तिला बाहेर बसायची विनंती केली, तेव्हा ती फणकारली, "नवरा-बायकोला बोलायला परकी बाई लागते म्हणजे कमाल झाली." मग दाराबाहेर जपमाळ घेऊन बसली. बोटं मण्यांवर, कान आत.

तिसऱ्या शुक्रवारी मात्र रम्लतने ठरवलं होतं, आज सांगायचंच. त्या आठवड्यात रिशानने तिच्या दंडाचा लचका तोडायचा बाकी ठेवला होता आणि तिने त्याला ढकललं होतं. तो दाराच्या चौकटीवर आपटला. उम्माला तिने पडला म्हणून सांगितलं. पण ढकलताना हातात किती जोर होता हे तिला ठाऊक होतं, आणि तेव्हापासून तिला मुलाची नाही, स्वतःचीच धास्ती वाटत होती. घरी या, मी आता एकटी याच्याजवळ राहू शकत नाही, एवढं एकच वाक्य नवऱ्याला सांगायचं होतं. आठवडाभर ते तिने मनात घोकलं.

पडदा उजळला. मुजीब सदरा घालून तयार होता.

"सुखं ना, रम्लू?"

"सुखं," ती म्हणाली. जिभेला वळणच तसं पडलेलं. तिला स्वतःची चीड आली.

लीनामॅडमनी डोळे चोळले. त्याही दमलेल्या दिसत होत्या. दिवसभर अशीच सुखी माणसं बघत असतील बिचाऱ्या. मग त्यांनी एक साधी गोष्ट सांगितली. फोन उचला, उलटा फिरवा आणि तुम्हाला समोर काय दिसतं ते एकमेकांना दाखवा. बोलू नका काही.

रम्लतने फोन फिरवला. सोफ्याचा फोम उपसलेला होता. खिडकीची दारं दोरीने बांधलेली, टीव्हीसमोर प्लायवूड ठोकलेलं, भिंतीवर हात पोहोचतो तिथपर्यंत रंगाचे पोपडे काढलेले. टेबलाखाली रिशान डब्याचं झाकण फिरवत बसला होता. मग तिने बाही वर केली आणि दंड दाखवला. त्यावर जुन्यानव्या दातांच्या खुणा होत्या.

"त्याच्या कपाळाला काय झालंय?" मुजीबने विचारलं.

"पडला." ती म्हणाली, आणि लगेच, "नाही. मी ढकललं. इक्का, माझ्याच्याने आता होत नाही. तुम्ही घरी या."

बाहेर मण्यांचा आवाज थांबला.

मुजीब खाली बघत राहिला. मॅडम हळूच म्हणाल्या, आता तुमची बाजू. तो म्हणाला, खोली लहान आहे, बरोबर राहणारी पोरं झोपलीत. शेवटी त्याने फोन फिरवला. दुमजली खाट, वाळत घातलेली बनियनं आणि खाटेखाली एक मोठं खोकं, दोरीने आवळून बांधलेलं. आखातातून घरी निघालेला माणूस बांधतो तसं. त्यावर जाड शाईने लिहिलं होतं, मुजीब, तिरूर, करिपूर विमानतळ. दोरीवर धूळ बसली होती.

"हे कधी बांधलंत?"

त्याने फोन पुन्हा स्वतःकडे वळवला.

"इक्का, मी विचारतेय."

"गेल्या रमजानच्या आधी," तो म्हणाला. "सुट्टी मिळाली होती. तिकीटही होतं."

मालकाने सुट्टी नाकारली, असं त्याने तेव्हा सांगितलं होतं. त्यावर रम्लतने सव्वा महिना मालकाला शिव्याशाप दिले होते, नमाजानंतरसुद्धा.

"मग कुठे होतात?"

"इथेच. खाटेवर." तो म्हणाला. "त्याच्या आधी आलो होतो ना, तेव्हा टॅक्सीतून उतरलो आणि तू त्याला माझ्या हातात दिलंस. आत गेलीस आणि दोन दिवस झोपलीस. तो रात्रभर ओरडत होता, मला ओळखतसुद्धा नव्हता. मला काही म्हणजे काही कळेना. मी घाबरलो, रम्लू. सरळ सांगतो, घाबरलो."

रम्लतच्या अंगाची लाही लाही झाली. ती इथे एकटी झिजत होती आणि हा माणूस तिकडे पाय ताणून पडला होता. तिला वाटलं फोन आपटावा. पण तोंडातून भलतंच आलं.

"झोप लागायची?"

"हो," तो म्हणाला. "लागायची."

खोटं बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं. तिला रडू फुटलं. राग होता, आणि त्या झोपेचा सरळसरळ हेवाही होता. रडं ओसरल्यावर मुजीब घाईघाईने म्हणाला, "मी येतो. लगेच तिकीट काढतो. तू अजिबात काळजी करू नकोस." हा त्याचा फोनवरचा आवाज होता. रम्लत तो चांगला ओळखत होती.

"या," ती म्हणाली. "पण पाहुणे म्हणून नाही. बिर्याणी होणार नाही, नातलग बोलवायचे नाहीत. तुम्ही आलात की मी झोपणार आहे. दोन दिवस नाही, पुरेशी होईतोवर. तोवर तो तुमच्याकडे. जमत नसेल तर आत्ताच सांगा. मी पुन्हा वाट बघणार नाही."

मुजीबने सदऱ्याचं वरचं बटण काढलं. नाही म्हणेल, असंच तिने धरलं होतं.

"तो रात्री उठून ओरडायला लागला," त्याने विचारलं, "की आधी काय करायचं असतं?"

कसा आहे, सुधारला का, औषध देतेस का, हे सगळ्यांनी विचारून झालं होतं. हा प्रश्न आठ वर्षांत तिला कुणीही विचारला नव्हता. तिने त्याला माफ केलं नव्हतं, इतक्यात करणारही नव्हती. तिने तट्टमच्या टोकाने काजळ पुसलं आणि सांगायला लागली.

"दिवा लावायचा नाही. जवळ जायचं नाही. आपण जमिनीवर बसायचं, त्याच्याकडे पाठ करून. मग तोच येतो आणि पाठीला टेकतो."

"किती वेळाने?"

"कधी लगेच, कधी पहाट होते," ती म्हणाली. "तोवर हलायचं नाही."