बारा पलंगांचा प्रयोग

मावशीने भाचीचं नाव मोजपट्टी ठेवलं ते काही उगाच नाही. शिबिरात आल्या दिवशीच तिने जेवणघरापासून तळ्यापर्यंतची पावलं मोजली (चारशे बारा), स्वयंपाकघरातलं घड्याळ तीन मिनिटं मागे असल्याचं दोनदा जाहीर केलं आणि सुपाच्या पातेल्यात थर्मामीटर घालायला निघाली, तेव्हा मावशीने डावच उगारला.

"पंधरा वर्षं मी यात चमचा बुडवून बघतेय," मावशी म्हणाली. "अजून कुणी मेलं नाही."

मावशी शिबिराचं स्वयंपाकघर सांभाळायची. शिबिर चर्चचं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत दर आठवड्याला मुलांची एक नवी तुकडी यायची, तळ्यात होड्या वल्हवायची, दोराने भिंत चढायची आणि सकाळी मोठ्या झाडाखाली उपासनेला बसायची. मोजपट्टीने नुकतीच वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली होती. प्रयोगशाळेतली नोकरी सुरू व्हायला दीड महिना होता. "घरी बसून भिंती मोजशील, त्यापेक्षा चल," असं म्हणून मावशीने तिला आणलं होतं. बोली एका आठवड्याची होती. आवडलं तर पुढे राहायचं.

तिच्या वाट्याला चौथी खोली आली. बारा पलंग, दोन-दोन एकावर एक रचलेले, आणि नऊ-दहा वर्षांच्या बारा मुली. शिबिर चालवणारे पाळककाका उंच, टकले आणि नेहमी खिशात खिळे बाळगणारे. त्यांनी तिला किल्ली दिली आणि म्हणाले, "रोज सकाळी प्रत्येकीचं नाव घेऊन प्रार्थना करायची. एवढा एकच नियम मोडायचा नाही. बाकीचे मोडतातच."

मोजपट्टी लहानपणापासून दर रविवारी चर्चला गेली होती. गाणी पाठ, वचनं पाठ. पण प्रार्थना तिला पोचपावती न मिळणाऱ्या पत्रासारखी वाटायची. पाठवत राहायचं, पोचलं की नाही कोण सांगणार? किल्ली हातात घेतली आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कॉलेजात तिने बारा कुंड्या घेऊन सहांना खत घातलं होतं, सहांना नाही. इथे पलंगही बाराच होते!

तिने बारा चिठ्ठ्या करून सहा उचलल्या. त्या सहा मुलींसाठी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी प्रार्थना. उरलेल्या सहांसाठी अजिबात नाही. वहीत रकाने आखले: ताटात किती टाकलं, किती वेळा रडू आलं, किती खरचटलं, झोप कशी. ज्यांच्यासाठी प्रार्थना नव्हती त्यांच्याकडे आपल्या हातून दुर्लक्ष होऊ नये, नाहीतर प्रयोगच बिघडेल, म्हणून त्या सहांवर ती डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायची. आपल्या काटेकोरपणावर ती भलतीच खूश होती.

गुरुवारी दुपारी ती स्वयंपाकघरात गेली, तर मावशी मोठ्या कात्रीने पुठ्ठा कापत होती.

"हे कशाला?"

"कार्डं. शनिवारी न्याहारीनंतर झाडाखाली प्रत्येक मुलीला तिच्या खोलीच्या ताईने एक कार्ड द्यायचं. तुझी बारा." मावशीने एक पुढे केलं. वर छापील अक्षरात लिहिलं होतं: 'मी तुझ्यासाठी मागितलं की' आणि पुढे जागा कोरी. "आठवडाभर जे मागितलंस तेच लिहायचं. मुलं मोठ्याने वाचतात. सगळ्यांसमोर."

मोजपट्टीच्या तोंडचं पाणी पळालं.

"सगळ्यांना द्यावंच लागतं?"

"नाही, निम्म्यांना द्यायचं आणि निम्म्यांना रडवायचं," मावशी म्हणाली. मग तिने कात्री खाली ठेवली. "काय केलंस तू?"

मोजपट्टीने सांगितलं. कुंड्या, चिठ्ठ्या, रकाने, सगळं.

"अगं, पोरी म्हणजे काय कुंड्या आहेत?"

"पाणी तर दोन्हीकडे सारखंच... म्हणजे जेवण..."

"जा. काकांना सांग. मी सांगितलं तर जास्त लागेल."

पाळककाका तळ्याकाठी उलट्या होडीवर बसून फळी ठोकत होते. मोजपट्टीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ते हसू लागले. इतके हसले की तोंडात धरलेले खिळे गवतात पडले, आणि मग दोघांना गुडघ्यांवर बसून ते शोधावे लागले.

"सहा होते," ती म्हणाली. "पाच सापडले."

"तुला तेही माहीत असणारच." काका डोळे पुसत म्हणाले. "बरं, आकडे काय सांगतात?"

"फरक नाही. दोन्हीकडे रडणं सारखं, खरचटणं सारखं." तिचा आवाज बारीक झाला. "पण काका, तो प्रश्न आता नाही. सहाजणींना मी शनिवारी काय देऊ? त्यांच्यासाठी मी काहीच मागितलेलं नाही. कोरं कार्ड देववत नाही. आणि खोटं लिहिणार नाही."

"नकोच लिहूस," काका म्हणाले. आता ते हसत नव्हते. "दहा वर्षांच्या मुलीला खोटं लगेच कळतं. वही आण बघू."

त्यांनी वही सावकाश वाचली. मोजपट्टी सहावा खिळा शोधत राहिली.

"मंगळवार, सव्वाअकरा," काकांनी वाचलं. "पलंग सात. भिंतीवर अर्ध्यात अडकली. पाय थरथरतात. मी म्हणाले, अरे सांभाळ हिला, पाय नीट पडू दे हिचा." त्यांनी मान वर केली. "सात नंबर कुठल्या सहांतली?"

"प्रार्थना नसलेल्या."

"मग हे कुणाला म्हणालीस?"

"दोर माझ्या हातात होता. दोराला म्हणाले असेन."

"दोराला 'अरे सांभाळ हिला'?"

काकांनी वही तिच्या हातात दिली आणि पुन्हा ठोकायला लागले. झाडाखाली बसून तिने ती पहिल्या पानापासून वाचली, कधी नव्हे ती मोजमाप न करता. त्याच सहांतल्या पलंग दोनपुढे लिहिलं होतं: 'आईची आठवण. देवा, हिला आज तरी एक मैत्रीण मिळू दे.' पलंग दहापुढे बुटाने सोललेल्या टाचेबद्दल अर्धं पान होतं आणि शेवटी 'प्रभू, उद्या तरी ही पळू दे'. लिहिताना तिला कळलंही नव्हतं. म्हणजे सहांपैकी तिघींची कार्डं खरी होती.

मग तिने ज्यांच्यासाठी नेमाने प्रार्थना केली होती त्या सहांची पानं उघडली. प्रत्येक दिवशी, प्रत्येकीपुढे एकच ओळ: 'प्रार्थना केली, ७:०५.' काय मागितलं होतं? 'हिचं भलं कर.' सहा वेळा, हजेरी घ्यावी तसं, घड्याळाकडे बघत. त्यांच्या कार्डावर लिहिण्यासारखा एक शब्दही तिच्याकडे नव्हता. म्हणजे तीन नव्हे, नऊ कार्डं कोरी होती. करायला गेले काय आणि झालं काय!

शुक्रवारी सकाळी वही पलंगावर ठेवून ती नऊजणींना एकेक करून गाठायला निघाली. कुणी होडीत होती, कुणी रांगेत, एक तर झाडावर. प्रत्येकीला तिने एकच विचारलं, "तुझ्यासाठी देवाकडे काय मागू?"

"रोज गाजर नको."

"भावाचा दात पडू दे. तो फार भाव खातो, अजून एकही पडला नाही त्याचा."

"बाबा फोनवर हळू बोलू देत."

शेवटचं बोलणारी पलंग चारची होती. सगळ्यात हसरी, वहीत तिच्यापुढे सगळे रकाने शून्य. मोजपट्टी तिथेच होडीच्या काठावर बसली, डोळे मिटले आणि मोठ्याने मागितलं, अडखळत, पाठ नसलेल्या शब्दांत. मुलीने तिचा हात घट्ट धरला होता. किती वेळ गेला ते नंतर तिला सांगता आलं नाही, आणि घड्याळ तर मनगटावरच होतं.

शेवटी सात नंबर आडवी आली. खोलीत सगळ्यात लहान, म्हणून तिला सगळे बटण म्हणत.

"ताई, मला नाही विचारलंस?"

"तुझ्यासाठी मागून झालंय."

"मग तुझ्यासाठी कोण मागतं?"

"माहीत नाही गं."

"हात्तिच्या!" बटणने तिथेच डोळे मिटले. "देवबाप्पा, आमच्या ताईला थोडं कमी मोजायला शिकव. आमेन. झालं."

शनिवारी झाडाखाली बारा कार्डं वाटली गेली. गाजरावर खूप हशा झाला आणि मावशीने सगळ्यांना सांगितलं की देवाने ऐकलं तरी स्वयंपाकघर ऐकणार नाही. चार नंबरने आपलं कार्ड मोठ्याने वाचलं नाही. घडी घालून खिशात ठेवलं, आणि थोड्या वेळाने खिसा चाचपून बघितला.

बटणने मात्र खड्या आवाजात वाचलं, "मी तुझ्यासाठी मागितलं की पाय नीट पडू दे." तिने कार्ड खाली केलं. "पण माझा पाय दोनदा घसरला होता!"

"तीनदा," मोजपट्टी म्हणाली. "पण पडली नाहीस."

"दोर होता म्हणून."

"हो. दोरही होता."

बटणने यावर विचार केला आणि कार्ड ठेवून घेतलं.

मुलांना घेऊन बस गेल्यावर काका समोर आले. त्यांच्या हातात पुढच्या आठवड्याच्या चौथ्या खोलीची यादी होती. "आठवडा संपला. जायचंय का?"

तिने यादी घेतली. बारा नावं होती. शेवटपर्यंत वाचली, मग पुन्हा वरून.

"बोट ठेवून काय मोजतेयस?" मावशी दारातून ओरडली.

"मोजत नाही. पाठ करतेय."

रविवारी दुपारी नवी बस आली. मोजपट्टी दाराशी उभी होती. वही तिने आणली होती, पण त्यात रकाने नव्हते. पहिली मुलगी पाठीवरची पिशवी सांभाळत उतरली. मोजपट्टीने तिचं नाव घेतलं, वाकली आणि विचारलं, "तुझ्यासाठी देवाकडे काय मागू?"

"आधी बाथरूम कुठे आहे ते सांगा," मुलगी पाय आवळत म्हणाली.

मोजपट्टीने तिचा हात धरला आणि दोघी पळत सुटल्या.