दूध म्हणजे कोणतं?

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून बाबांकडे एकच शब्द उरला होता. मी नदीकाठच्या सांतारें गावाहून बोटीने बेलें शहरात पोचले, हॉस्पिटलच्या कॉटपाशी उभी राहिले, आणि कित्येक वर्षांनी भेटलेल्या मुलीकडे बघून बाबा म्हणाले, "दूध."

ना माझं नाव, ना कशी आहेस. मी पेलाभर दूध आणून ओठाला लावलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि चांगला हात हलवत पुन्हा तेच, "दूध." मला वाटलं, झालं, डोकंही गेलं.

बाबांच्या शेजारीण दोना ओदालेया डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, स्वतःसाठी नाही मागत तो. बारोनेझासाठी मागतोय."

"ती अजून जिवंत आहे?"

"गोदामात आहे. बघवत नाही मात्र."

बंदराजवळ आमचं कसावा कंदाच्या पिठाचं गोदाम होतं. उंदरांसाठी बाबांनी बाजारातून जिबोया जातीची बिनविषारी सापीण आणली, त्या काळी सगळेच गोदामवाले आणायचे. पण बाकीच्यांचा साप गोदामात राहायचा, आमची बारोनेझा जेवायच्या टेबलाखाली. आई म्हणाली, एक तर ही राहील, नाही तर मी. बाबांनी बारोनेझाला हलवलं नाही, आणि आई आणि मी सांतारेंच्या बोटीत बसलो. तेव्हापासून त्या सापावर माझा राग आहे, आणि तो लपवावा असं मला कधी वाटलं नाही.

गोदाम केव्हाच बंद पडलेलं. पीठ नाही म्हणून उंदीर नाहीत, आणि बाबा थकल्यावर हिला एका लाकडी पेटीत कोंडलेलं. मी झाकण उघडलं आणि नाक दाबलं. पाठीचा कणा वर आलेला, अंगावर गोचिडी, जुन्या कातीच्या चिंध्या चिकटलेल्या, आणि डोळे पांढरेफटक. मनात आलं, बरं झालं. लगेच त्या मनाची लाजही वाटली.

"तोंडात दूध घाल," दोना ओदालेया म्हणाल्या. "अशा सापाच्या आत शापित जीव असतो. दूध पोटात गेलं की सुटतो. जायच्या आधी बाबाला तिला सोडवायचंय, एवढं कळत नाही तुला?"

"तुमचा विश्वास आहे यावर?"

"दिवसा नाही. पण घालून बघायला काय जातंय?"

मी चमच्याने दूध घातलं. ते तिच्या नाकातून बाहेर आलं आणि ती घरघरायला लागली. इतकी वर्षं जिच्या मरणाची वाट पाहिली, ती हातात मरतेय म्हटल्यावर मी घाईने झाकण लावलं. पेटी उचलली आणि टॅक्सीत घातली.

"पेटीत काय, बाई?" ड्रायव्हरने विचारलं.

"पपया."

"फुसफुसताहेत."

"पिकल्यात. तुम्ही पुढे बघा."

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टर तैनारा शांत बाई होती. तिने सापाचं तोंड पुसलं, गोचिडी काढल्या आणि विचारलं, "दूध कुणी पाजलं?"

"मी. बाबा मागत होते."

"सापाला दूध पचत नाही हो. तुमच्या बाबांना हे म्हणायचं असेल." तिने पांढरे डोळे दाखवले. "कात टाकताना डोळ्यांवरची कातही निघायला हवी. हिची निघाली नाही, थरावर थर बसलेत. याला साप पाळणारे दूध चढलं म्हणतात."

मी मटकन बाकावर बसले. म्हणजे मरायला टेकलेल्या माणसाने उरलेला एकुलता एक शब्द या सापाच्या डोळ्यांवर खर्च केला होता. माझ्यावर नाही.

तरी मी केलं. का केलं, तेव्हाही कळत नव्हतं. बाबांच्या न्हाणीत टब ठेवला, कोमट पाण्यात तिला बसवायचे, मग ओल्या टॉवेलात सोडायचे. कात ओढून काढू नका, असं डॉक्टरने बजावलं होतं. परतीची बोट मी जाऊ दिली. संध्याकाळी हॉस्पिटलात गेले की बाबा माझ्याकडे बघून "दूध" म्हणायचे, आणि मी चिडून सांगायचे, "चाललंय ना बाबा. धीर धरा."

शेवटी एका सकाळी टॉवेलात अख्खी कात पडलेली, आणि शेजारी बारोनेझा चकचकीत, तपकिरी डोळ्यांनी बसलेली. ती माझ्याकडे बघत होती की भिंतीकडे, सापाचं काही सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात तिने उंदीर गिळला. डॉक्टर म्हणाली, आता ही जंगलाजवळच्या आमच्या केंद्रात जाईल, पेटीत परत नाही. मला रडू आलं, आणि ते कशाचं होतं तेही समजेना.

कात घेऊन मी बाबांकडे गेले. त्यांनी ती चाचपली, अंगठा कातीच्या डोक्यापर्यंत नेला आणि डोळ्यांच्या जागा शोधल्या. दोन पारदर्शक टिकल्या जागच्या जागी होत्या. त्यांनी मान हलवली.

"उतरलं बाबा दूध," मी म्हटलं.

त्यांनी कात बाजूला ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दूध."

माझा तोल गेला. "आता कसलं दूध? साप बरा झाला, अजून काय करू मी?"

नर्स जुसारा कॉफीचा कप ठेवायला आली होती. ती हसली. "तुमच्यापाशीच म्हणतात हं. माझ्या हातची कोरी कॉफी मुकाट पितात. कधी दूध मागितलं नाही. तुम्ही दारात दिसलात की सुरू."

मी कपाकडे बघत राहिले. लहानपणी गोदाम उघडायच्या आधी बाबा पायरीवर कॉफी घेऊन बसायचे आणि आत हाक मारायचे, "दूध!" मी दूध पावडरचा डबा घेऊन धावायचे. सकाळी मला मारायची हाक तीच होती. माझं नाव ते दुपारनंतर घ्यायचे.

जुसाराकडून पावडर मागून घेतली. कपात घालून ढवळली तरी गुठळ्या राहिल्या. तेव्हाही राहायच्या. बाबांनी गुठळ्यांसकट कॉफी संपवली आणि त्या दिवशी पुन्हा दूध मागितलं नाही.